पंचफुलाबाईचा पासवर्ड

मेडशी
५ जानेवारी २०२५

चि. स्नेहा,
जयभीम.

फोन करू नोको. आयुष्यभर यष्टीचं इंजिन मांडीजवळ घेऊन बसलो, आता दोन्ही कान गेले, कोनी कानाशी येऊन बोललं तंच ऐकू येते. तू पुन्याहून बोलते, मी इकून हो हो म्हनतो, अन् मंग काम भलतंच होते. म्हनून लिहून राह्यलो. स्टँडावर तौसीफचं झेरॉक्सचं दुकान हाय. तो माह्या चिठ्ठीचा फोटो काढून तुले धाडीन अन् तुहं उत्तर कागदावर छापून मले देईन. पोट्टं चांगलं हाय. बोलते कमी.

आता मुद्द्याचं. तुनं आपल्या वधू-वर मंडळाची वेबसाईट बनवली ते बेस केलं. सारा समाज पाहून राह्यला. पन उघडतानी ते दर खेपी मोबाईलवर कोड मागते, ते बंद कर. मालेगावच्या भागवतचा मोबाईल राह्यते पोराजवळ, पोरगा राह्यते वावरात. केनवडच्या पंचफुलाबाईच्या डोयात मोतीबिंदू, तिनं कोड वाचेपर्यंत त्याची मुदत सरते. दर स्टॉपवर ड्रायव्हरले लायसन मागतलं असतं तं माही गाडी अकोल्याले कवा पोचली असती? एक पासवर्ड ठेव, साऱ्याइले तोच. आमी काही ब्यांक नाही चालवून राह्यलो.

दुसरं. वर सरकनारी अक्षरं पाह्यजे, ‘सुस्वागतम्’ म्हनून. तुनं लावली नाही. कायले लावली नाही?

तिसरं. फॉर्मातलं एक बी खानं कोरं राहू देत नाही मी, हे ध्यानात ठेव. केनवडच्या अंजनाची पोरगी पौर्णिमा, तिचा फॉर्म आज म्या भरला. अंजना नात्यानं माही अन् तुह्या बापाची बहीन लागते, लांबची. पोरीची फारकत झाली, नवरा हात उचलत होता. आता मालेगावले खोली करून राह्यते, लेडीज टेलरकडं शिवनकाम करते. अंजना म्हने, दादा, पत्ता टाकू नका. म्या म्हनलं, पत्ता नाही टाकला तं पाहुने काय स्टँडावर बसून पोरगी पाह्यतीन? टाकला. खोली, गल्ली, दुकान, सारं टाकलं. एकटी पोरगी कवर राहीन?

कोडाचं लवकर कर. नाही तं आमी आपली छापील पुस्तिकाच काढतो परत.

तुहे मोठेबाबा
दौलतराव

---

पुणे
९ जानेवारी

मोठेबाबा,
सविनय जयभीम.

चिठ्ठी पोचली. तौसीफनं फोटो इतका साफ काढला का तुमचा राग बी दिसून राह्यला.

सरकनारी अक्षरं लावनार नाही. केनवडात रेंज मुश्किलनं येते. तिथी पान उघडाले आधीच वेळ लागते, त्यात मी नाचनारी अक्षरं टाकली तं लोक पाहायच्या आधी मोबाईल खिशात ठेवतीन. साईट हलकी ठेवनं हेच माहं काम आहे.

आता कोड. वर डाव्या कोपऱ्यात ते कुलुपाचं चित्र दिसते न, तुमी साऱ्याइले दाखवता का आपली साईट पक्की आहे म्हनून? ते कुलूप एवढंच सांगते का रस्त्यानं कोनी चिठ्ठी फोडून वाचत नाही. घरात कोन शिरलं ते कुलपाले माईत नसते. त्याच्यासाठी कोड होता. पासवर्ड कोनालेही सांगता येते, पन मोबाईल ज्याच्या हातात आहे त्यालेच कोड दिसते.

पन तुमी पुस्तिका काढतो म्हनले म्हनजे काढतान. पुस्तिकेत तं साऱ्या पोरीचे फोटो अन् नंबर पानटपरीवर बी जातीन. म्हनून मी कोड काढून टाकला. मनातून नाही काढला. एक पासवर्ड मात्र साऱ्याइले देनार नाही. मेडशीचा तुमचा वेगळा, मालेगावचा भागवतकाकाचा वेगळा, केनवडचा पंचफुलाबाईचा वेगळा. कोनी काही उघडलं तं कोनाच्या नावानं उघडलं ते मले दिसते.

बाहेरच्या मानसाले फक्त नाव, शिक्षन अन् तालुका दिसते. पत्ता अन् फोन फक्त तुमा कार्यकर्त्याइले दिसते, अन् तुमी म्हनले तसं साऱ्या गावाचं साऱ्याइले दिसते. म्हनून सांगते, पासवर्ड घरातल्या पोराले बी देऊ नका.

पौर्णिमाचा पत्ता काढून टाकू का? मले हो म्हना, मी इथूनच काढते.

तुमची
स्नेहा

---

मेडशी
२० जानेवारी

चि. स्नेहा,
जयभीम.

कोड काढला, आता गाडी लाइनीवर आली. भागवतनं एका दिवसात मालेगावचे सारे फॉर्म चढवले.

पत्ता राहू दे. तू पुन्यात राहून भेदरट झाली. तिथी शेजारच्या दारात कोन राह्यते ते माईत नसते, म्हनून तुमाले कोड लागतात. इथी आमी मानूस इचारून पाह्यतो. कोनाचा, कोन्या गावचा, मामकूळ कोन. तीन प्रश्नात दूध का पानी कयते. तुह्या कोडापेक्षा पक्कं हाय ते. बाहेरच्याले जमतच नाही.

परवाचंच सांगतो. एक पोरगा आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायातले बूट बाहेर काढले. म्हने मंडळाचं काम करायचं हाय, केनवडचे फॉर्म मी चढवतो, पंचफुलाबाईले दिसत नाही. म्या म्हनलं बस. कोनाचा रे तू?

म्हने, अंजनाबाईच्या भावाचा, प्रसेनजित.

म्या म्हनलं, भाऊ तं दोन हायत.

म्हने, धाकट्याचा. सुरतवाल्याचा.

आता सुरतवाला तं तिकडं गेला तो गेलाच, त्याचं लेकरूबाकरू इकडं कोनी पाह्यलं नाही. म्हनून म्या आडून इचारलं. आजीचं माहेर? बरोबर सांगतलं. आजोबा कायनं गेले? म्हने, साप चावून, सोयाबीनच्या गंजीजवळ, अन् दवाखान्यात न्याले यष्टी अडवली होती. ती यष्टी माहीच होती, बाई. अंजनाच्या घराचं दार कोनीकडं? म्हने, दार विहाराकडं, पन न्हानी मांगच्या अंगाले हाय, तिथी चिंचेचं झाड होतं ते तोडलं. मले ते तोडलेलं माईत नव्हतं. त्याले माईत होतं.

चा पेला. म्हने, मामा, तुमच्यासारखी मानसं हायत म्हनून समाजात सोयरिकी होतात. म्या त्याले पंचफुलाबाईचा पासवर्ड लिहून देला. बाईले इचारलं, ती म्हने माह्या डोक्यावरचं ओझं गेलं, मी तं त्या मोबाईलले हातच लावत नव्हती.

पाह्य, असा मानूस मियते इचारल्यावर. तुही मशीन त्याले काय इचारनार होती?

तुरीची मळनी सुरू हाय. दोन-तीन दिवस वावरातच राहीन.

दौलतराव

---

पुणे
२८ जानेवारी

मोठेबाबा,
जयभीम.

ही चिठ्ठी हातात पडली का लगेच वाचा.

आज मी साईटची नोंद पाह्यली. कोन कवा आलं अन् काय उघडलं ते तिच्यात राह्यते. पंचफुलाबाईच्या पासवर्डानं रोज कोनी तरी येऊन राह्यलं. केनवडचा एक बी फॉर्म चढवला नाही. एक बी नवरदेव पाह्यला नाही. फक्त एकच पान उघडते, पौर्णिमाचं. सकाळी उघडते, दुपारी उघडते. फोटो मोठा करून पाह्यते. पत्त्याचं पान तं त्यानं पहिल्याच दिवशी उतरवून घेतलं.

मी तो पासवर्ड आत्ताच बंद केला. पन त्याच्याजवळ जे गेलं ते गेलं. उतरवलेलं मले इथून परत घेता येत नाही.

पौर्णिमाले फोन लावला, उचलत नाही. अनोळखी नंबर ती उचलत नसन, तिची चूक नाही. मेसेज टाकला, वाचलेला दिसत नाही. अंजनाआत्याचा फोन बंद लागते.

एक गोष्ट इचारते. तुमी लिहिलं का तो पोरगा तुमाले मामा म्हनला. अंजनाआत्या तुमची बहीन लागते. तिच्या भावाचा पोरगा तुमाले काका म्हनीन. तो मामा काहून म्हनला?

अन् दुसरं, हे लिहितानी मले बरं वाटत नाही. सारं येनंजानं मेडशी-मालेगावकडच्याच मोबाईलवरून आहे. तुमच्या चिठ्ठ्या तौसीफच्या हातून जातात. पत्ते, पासवर्ड, सारं त्याच्या डोयाखालून जाते. त्याच्या दुकानात कोन बसते, तो कोनाले सांगते का, हे पाहा. ही चिठ्ठी बी तोच छापीन, म्हनून त्याले बी सांगते. भाऊ, राग मानू नको. माह्या कामात मले साऱ्याइवरच शंका घ्या लागते.

मोठेबाबा, केनवडले जा. अंजनाआत्याले समोर बसून इचारा.

स्नेहा

---

मेडशी
३० जानेवारी, सकाय

स्नेहा,

दोन दिवस वावरात होतो. तौसीफनं चिठ्ठी घरी आनून देली होती, आज वाचली. तो आता समोर बसून हाय, दुकान उघडून. तुही चिठ्ठी त्यानंच छापली, त्यानंच वाचली. मी दुकानात आलो तवा म्हनला, चाचा, दीदीनं बरोबर लिहिलं, मी असतो तं मी बी शंका घेतली असती. इतकंच बोलला. पन सकायपासून त्यानं चा पेला नाही. तुले शिकून हेच येते का, घरच्या मानसावर बोट दाखवनं?

मामा म्हनला तं काय झालं? मले सारा वाशिम जिल्हा मामा म्हनते. ड्रायव्हरले सारेच म्हनतात. काका कोनी म्हनलंच नाही मले.

अन् तो पौर्णिमाचं पान पाह्यते तं आपल्या आतेबहिनीसाठी स्थळ पाहून राह्यला असन. तुले काय कयते त्यातलं.

तरी जातो केनवडले. नवाची गाडी हाय, मालेगाववरून बदलतो. अंजनाच्या तोंडून ऐकतो अन् मंग तुले लिहतो. अन् मंग तू तौसीफची माफी मांगशीन.

दौलतराव

---

पुणे
३० जानेवारी, दुपार

मोठेबाबा,

ही चिठ्ठी तौसीफ मालेगावातच कुठी छापून स्टँडावर तुमच्या हातात देईन. तुमी बसमध्ये आहा, फोन तुमाले ऐकू येत नाही, म्हनून दुसरा इलाज नाही.

तुमी निंगाल्यावर अंजनाआत्याचा फोन लागला. तिच्या सुरतच्या भावाले दोन पोरीच आहेत. पोरगा नाही.

मी आत्याले तुमची चिठ्ठी वाचून दाखवली, साप, यष्टी, चिंचेचं झाड. ती मधातच म्हनली, थांब. ते झाड त्यानंच तोडलं, म्हने. जावयानं. लग्नाच्या पहिल्या वर्षी तो केनवडले येऊन राह्यला होता, तवा न्हानीवर पालापाचोळा पडते म्हनून त्यानं कुऱ्हाड घेतली. त्याचं नाव उत्कर्ष. तुमी लग्नाले नव्हते, तुमचं तवा अकोल्याले डोयाचं ऑपरेशन होतं. तुमी त्याले पाह्यलंच नाही.

तुमी जे जे इचारलं ते जावयाले माईतच राह्यनार. बाहेरचा अडकला असता, हा घरातून आलेला आहे. अन् पौर्णिमाचे मामा तुमी, म्हनून त्याचे बी मामाच. तो तेवढं खरं बोलला.

त्यानं तिचा हात गॅसवर धरला होता, मोठेबाबा. ‘हात उचलत होता’ एवढंच तुमाले आत्यानं सांगतलं, कारन बाकीचं तिच्या तोंडून निंगालं नाही. कोर्टात फारकत झाली तवा तो जिन्यावर सासूले म्हनला होता, कागद तुमच्याजवळ राहू द्या, बाई माहीच आहे.

आता ऐका. त्याले खोलीचा पत्ता माईत आहे, दुकान माईत आहे, नंबर माईत आहे. ते पत्त्याचं खानं मी फॉर्मात ठेवलं, कारन तुमच्या कागदी फॉर्मात होतं. ठेवायची गरजच नव्हती.

मी साईट बंद केली. अन् तौसीफले फोन केला. ज्याच्यावर परवा शंका घेतली त्यालेच केला, दुसरं कोनी जवळ नव्हतं. त्यानं शटर पाडलं, अम्मीले मोटरसायकलवर बसवलं अन् मालेगावले निंगाला. अम्मी कायले, म्हनून इचारलं तं म्हने, एकट्या मानसाले ती दार उघडीन का, दीदी.

तुमी स्टँडावरून सरळ टेलरच्या दुकानात जा. खोलीवर जाऊ नका.

स्नेहा

---

मेडशी
२ फेब्रुवारी

चि. स्नेहा,
जयभीम.



केनवडले पोचलो तं अंजना दारातच उभी. म्हने, दादा, तो माहा जावई होता, तुमी त्याले चा पाजला? म्या म्हनलं, हो. आत जाऊन रडली असती तं बरं झालं असतं. तशीच उभी राह्यली. म्या चप्पल काढली नाही, तसाच फिरलो. जातानी मालेगावच्या स्टँडावर गाडीची वाट पाहात उभा होतो, तिथून पौर्णिमाचं दुकान हाकेच्या अंतरावर हाय. तवा गेलो नव्हतो मी. मले तुले खोटं पाडायची घाई होती.

परत मालेगावले उतरलो तं तौसीफ चिठ्ठी घेऊन उभा. वाचली. म्या इचारलं, पोरगी? तो म्हने, दुकानात हाय, अम्मी जवळ बसली, पन ती निंगत नाही. म्हने, मामा आल्याशिवाय निंगत नाही.

दुकानात गेलो. ते बायकाइचं दुकान, पुरुष आत जात नाही. मी दारात उभा राह्यलो. पौर्णिमा मशीनवर बसून होती. पाय पायडलवर, पन मशीन बंद. समोर एक ब्लाऊजपीस होता, जांभया रंगाचा. मालकीन बाई म्हनली, काल एक जन देऊन गेला. चांगल्या घरचा दिसत होता. म्हनला पौर्णिमाताईच्याच हातचा पाह्यजे. म्या म्हनलं माप द्या, तं म्हनला, माप तिले माईत हाय, तिचंच हाय.

अन् ती आदल्या दिवशी त्या कापडासमोर बसली, स्नेहा, अन् त्या दिवशी बी बसली. मालकिनीले सांगतलं नाही, कोनाले सांगतलं नाही. म्या इचारलं, बाई, मले कळवलं काहून नाही? ती म्हने, मामा, हा पत्ता माय अन् तुमच्याशिवाय कोनालेच माईत नव्हता. मंग मी कोनाले सांगू?



हुस्नाबानो म्हनजे तौसीफची अम्मी. तिनं तिच्या अंगावरचा बुरखा काढून पोरीले घातला. सोता साडीवर बसली, आयुष्यात पहिल्यांदा भर बाजारात तशी. मले म्हने, भाईजान, तुमी या बाकड्यावर बसा, रस्त्याकडं तोंड करून, अन् काही झालं तरी मांगं पाहू नका. मी बसलो. मांगच्या दारानं ती दोघं गेली, तौसीफ अन् पौर्णिमा. मोटरसायकलचा आवाज मले ऐकू आला नाही. कवा गेली ते बी कयलं नाही.

समोर हॉटेल हाय. तिथी तो बसला होता. मले पाह्यलं, उभा राह्यला, अन् हात जोडून जयभीम केला. चा दाखवून बोलावलं मले, या म्हनून. मी हललो नाही. तो हसला अन् परत बसला. त्यानं चा सावकाश पेला. करंगळी कपाच्या बाहेर काढून पेते तो, माह्या ओसरीवर बी तसाच पेला होता.

अंधार पडेपर्यंत आमी दोघं समोरासमोर बसून होतो. दुकान बंद झालं, मालकीन अन् हुस्नाबानो कुलूप लावून गेल्या, तवा त्याले कयलं का आत कोनी नाही. उठून माह्याजवळ आला. काय बोलला ते मले ऐकू आलं नाही. तोंड हललेलं दिसलं. मंग माह्या खांद्यावर हात ठेवला, जसा आपला पोरगा ठेवते, अन् गेला.

ठान्यात गेलो होतो. अर्ज लिहून घेतला. पन तिच्या अंगाले त्यानं हात लावला नाही, धमकी देली नाही, कापड शिवाले टाकलं. काय लिहतीन ते?

तौसीफची माफी मांग. माही बी त्यातच मांग. मले जमत नाही.

दौलतराव

---

पुणे
६ फेब्रुवारी

मोठेबाबा,
जयभीम.

तौसीफसोबत बोलली. माफी मांगतली तं म्हने, दीदी, दुकानात नवीन पासवर्ड लावून द्या, माहा बी सोपाच आहे. मले हसू आलं अन् मंग रडू आलं.

पौर्णिमा चांगली आहे. जिथी आहे तिथी शिवनयंत्र आहे, शेजारीन चांगली आहे. कुठी आहे ते मी कागदावर लिहीत नाही. बुद्धपौर्णिमेले मी गावाले येनार आहे, तवा तुमाले तोंडी सांगते. तुमाले कळाले पाह्यजे, तुमी तिचे मामा आहा. ती बी तुमची आठवन काढते. रागानं नाही.

आता दुसरं. साईट बंद आहे, फक्त दारावर पाटी लावल्यासारखं एक पान ठेवलं आहे. माहितीचा साठा मी पुरा पुसून टाकला, पौर्णिमाचाच नाही, साऱ्याइचा. परत बनवायची वेळ आली तं पत्ता, फोन काही ठेवनार नाही. ज्याले स्थळ पाह्यजे त्यानं तुमच्याजवळ यावं, अन् पोरीनं हो म्हनल्याशिवाय तुमी काही सांगू नये.

पन त्या बंद दारावर कोनी तरी रोज येते. पहिले पंचफुलाबाईच्या नावानं आला. मंग भागवतकाकाच्या. आता तुमच्या नावानं येऊन राह्यला. पासवर्ड म्हनून काय काय टाकून पाह्यते ते मले दिसते. तुमच्या बसचा नंबर टाकला. मोठीआईचं नाव टाकलं. ती गेली ते साल टाकलं. माहं नाव टाकलं. आत काहीच नाही, मोठेबाबा, रिकामं घर आहे. तरी तो येते. मले वाटते त्याले आत जायचंच नाही. मी पाहून राह्यली हे त्याले माईत आहे, अन् मले दिसावं म्हनूनच तो टाकते.

काल मले एक फोन आला. ‘स्नेहाताई, जयभीम. दौलतमामाची तब्येत कशी आहे?’ मी ठेवून देला. माहा नंबर साईटवर कुठीच नव्हता.

तो कोनाले देला का तुमी?

स्नेहा

---

मेडशी
११ फेब्रुवारी

चि. स्नेहा,
जयभीम.

पौर्णिमा कुठी हाय ते मले सांगू नोको. बुद्धपौर्णिमेले बी नाही, कानात बी नाही. तौसीफले म्या तेच सांगतलं, हुस्नाबानोले बी. ती म्हने, भाईजान, तुमचा हक हाय. म्या म्हनलं, असू द्या. मी कसा हाय ते मले आता माईत झालं. कोनी बूट काढून आत आला, पानी पेला, घरच्यासारखं इचारलं, का माह्या तोंडून निंगते. या वयात ते बदलत नाही. तवा मले माईत नसलेलंच बरं.

तुहा नंबर म्या कोनाले देला नाही. पन जानेवारीत तो पह्यल्या खेपी आला तवा तुही कोडाची छापील चिठ्ठी मांडीवर होती. तौसीफ वर तुहा नंबर छापते. मी चा टाकाले आत गेलो होतो. चिठ्ठी बाहेरच राह्यली.

तो येते. चार रोज झाले रोजच येते. ओसरीवर बसते, जयभीम करते. मी बी करतो, तोंडावर आलेला जयभीम कसा फिरवू. आवाज चढवत नाही. शेजारी म्हनतात, दौलतराव, जावई चांगला हाय तुमचा, सेवा करते. काल त्यानं अंगन झाडलं. मी नोको म्हनलं तरी झाडलं. पंचफुलाबाई केनवडहून आली होती मले पाहाले, तिच्या डोयात तं दिसत नाही, तिनं त्याच्या हातचं पानी पेलं अन् त्याले आशीर्वाद देला. तो गेल्यावर म्या तिले सांगतलं कोन होता तो. ती तोंडात बोटं घालून ओकली.

मले माह्यासाठी भेव नाही. मले काय करीन तो, म्हातारा मानूस. भेव हाय ते माह्या जिभेचं.

तो जवळ येऊन कानाशी बोलते, म्हनून मले ऐकू येते. मामा, ती कुठी हाय? म्या म्हनतो, माईत नाही. त्याले पटत नाही. उलटून इचारते. खोली कोनी करून देली? तौसीफच्या अम्मीचं माहेर कोनतं? तिच्या बहिनी कुठी देल्या? मीच जसं त्याले इचारलं होतं तसंच इचारते, एकामांगं एक. म्या म्हनतो, त्याइच्या घरचं मले काय माईत. हे खरं हाय. इतकी वर्सं त्या पोराच्या दुकानात बसतो, त्याच्या अम्मीचं माहेर म्या कवा इचारलं नाही. आपल्यातलं नव्हतं म्हनून इचारलं नाही. तेच आता बरं झालं.

आज त्यानं दुसरं इचारलं. म्हने, मामा, स्नेहाताई पुन्यात कोन्या भागात राह्यते? सारं तिनंच ठरवलं असन. हुशार हाय ती. एकदा जाऊन भेटून येतो म्हनतो.

म्या कानाले हात लावला, ऐकू येत नाही म्हनून दाखवलं. तो हसला. त्यानं कागद घेतला अन् लिहून दाखवलं. बरं अक्षर हाय त्याचं.

हे लिहून राह्यलो तवा बी तो समोरच हाय, खांबाले टेकून. माह्या हाताकडं पाहून राह्यला. पाहू दे, वाचू दे. तौसीफ येईन अन् फोटो काढीन, चिठ्ठीत कोनाचा पत्ता नाही, ठिकाना नाही. तू त्या घरात राहू नोको. दुसरीकडं जा, अन् कुठी गेली ते मले कळवू नोको. चिठ्ठी बी लिहू नोको काही दिवस. तौसीफ सांगीन मले तू बरी हाय का नाही, तेवढं पुरे.

तुहा पुन्याचा पत्ता तुह्या बापानं माह्या डायरीत लिहून देला होता. ते पान म्या सकायी तो यायच्या आधी फाडलं अन् चुलीत घातलं. पाठ करायचा म्हनून कितीकदा बसलो होतो, झाला नाही.

आता तू कुठी राह्यते ते बी मले माईत नाही. त्यानं परत इचारलं तं म्या खरंच सांगीन.

दौलतराव